उतारवयाची बेगमी : कन्नौदच्या शिवारातून एक आढावा

देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव पवार डिसेंबर १९३७ मध्ये पाँडिचेरीत वारले. वय पन्नाशीच्या आत होते. कर्जाने पोखरलेले संस्थान मागे टाकून काही वर्षांपूर्वीच ते फ्रेंचांच्या त्या मुलखात निघून गेले होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली त्यांचे खासगी सचिव होते. 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात त्यांनी या प्रेमळ, भाविक आणि खर्चाचा धरबंध नसलेल्या राजाचे चित्र जिव्हाळ्याने रेखाटले आहे. गादी होती, मानमरातब होता, सारा गोळा करायला यंत्रणा होती. तरी शेवटची वर्षे परमुलखात आणि ओढगस्तीत गेली. हातात होते तेव्हा त्याचे काय केले, यावर माणसाची अखेरची वर्षे किती अवलंबून असतात, हे देवासने फार जवळून पाहिले आहे.

त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, इंदूर–बैतूल रस्त्यावर कन्नौद आहे. पूर्वी होळकरांच्या मुलखात मोडणारे हे तहसिलीचे गाव. भोवती सोयाबीन, गहू आणि हरभऱ्याची शेती, दक्षिणेला नेमावरची नर्मदा, डोंगराच्या अंगाला कोरकू, गोंड, बारेला वस्त्या. इथे राजा कोणी नाही. दोन-चार एकरवाला शेतकरी आहे, मंडीतला हमाल आहे, देवास-पीथमपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणारा पोरगा आहे, आणि आयुष्यभर राबूनही जिच्या नावावर काहीच नाही अशी बाई आहे. 'जवानीत हात आखडता घेतला असता तर म्हातारपणी ही वेळ आली नसती,' असे या चौघांनाही सरसकट ऐकवले जाते. त्यात किती तथ्य आहे आणि किती अन्याय, हे तपासण्यासाठी हा आढावा.

माझे मत आधीच सांगतो. म्हातारपणचे दारिद्र्य साठीला दारात येत नाही. ते विशी ते चाळिशीच्या दरम्यान घरात शिरलेले असते. हातातले कौशल्य, शरीर, कर्ज, नावावरची मालमत्ता आणि नेमाने बाजूला टाकलेला पैसा अशी त्याची पाच दारे आहेत. यांतली काही दारे तरुण माणूस स्वतः बंद करू शकतो. काही त्याच्या एकट्याच्या ताकदीबाहेरची आहेत, आणि ती बंद करणे हे समाजाचे व सरकारचे काम आहे.

प्रश्न केवढा?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १०.४ कोटी होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार हा आकडा २०२२ पर्यंत १४.९ कोटींवर गेला होता आणि २०५० पर्यंत तो ३४.७ कोटी होईल. म्हणजे दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल. याच अहवालातल्या दोन गोष्टी काळजाला लागतात. ज्येष्ठांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण संपत्तीच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पंचमांशात आहेत, आणि जवळजवळ १९ टक्क्यांना स्वतःचे असे कसलेच उत्पन्न नाही.

२०५० मध्ये जो साठीचा असेल तो आज पस्तिशीच्या आसपास आहे. कन्नौदच्या बसस्टँडवर मोबाइल बघत उभी असलेली विशी-पंचविशीतली पोरे त्याच्या मागोमाग त्या रांगेत लागणार आहेत. हा प्रश्न म्हणूनच आजोबांचा जितका आहे, त्याहून जास्त नातवाचा आहे.

शेतकरी : वर्षातून दोनदा येणारा पैसा

नोकरदाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, तेव्हा 'दर महिन्याला थोडे बाजूला टाका' हा सल्ला त्याला शोभतो. कन्नौदच्या शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो : दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गहू-हरभऱ्याचा. ट्रॉली मंडीत उभी राहते, लिलाव होतो, वजन होते, आणि रक्कम हातात पडण्याआधीच तिचे वाटप ठरलेले असते. खत-बियाण्याच्या दुकानाची उधारी, सोसायटीचे कर्ज, किराणा, ट्रॅक्टरचे भाडे. उरले तर पुढचे लग्नकार्य. त्यातून सोयाबीनचा भाव पडला की उरण्याचा प्रश्नच मिटतो. २०२४ च्या सप्टेंबरात माळव्यातले शेतकरी क्विंटलला ६००० रुपयांची मागणी घेऊन रस्त्यावर आले, ते याच कोंडीतून.

तरीही कर्जाच्या बाबतीत तरुण शेतकऱ्याच्या हातात बरेच काही आहे. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे, आणि वेळेवर फेड केली तर व्याज ४ टक्क्यांवर येते. मध्य प्रदेशात सहकारी सोसायटीचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने मिळते. सावकाराचा दर मात्र शेकडा दोन-तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला २४ ते ३६ टक्के. सोसायटीचा हप्ता एकदा चुकला की माणूस थकबाकीदार ठरतो, शून्य टक्क्याचे दार बंद होते आणि पाय आपोआप सावकाराकडे वळतात. पंचविशीत सुरू झालेला हा फेरा पन्नाशीपर्यंत सुटत नाही, आणि सुटतो तेव्हा बहुधा जमिनीचा एखादा तुकडा घेऊनच सुटतो. म्हणून तरुण शेतकऱ्याची पहिली बचत म्हणजे सोसायटीच्या खात्यावर डाग लागू न देणे. हे व्याज वाचवणे कोणत्याही ठेवीच्या व्याजाहून मोठे आहे.

दुसरी गळती सामाजिक आहे. माळव्यात लग्न, मामेरा (आजोळचा आहेर) आणि नुक्ता (मेल्यानंतरचे गावजेवण) यांवर होणारा खर्च घराची ऐपत बघून होत नाही; गावाचे तोंड बघून होतो. बापाच्या नुक्त्यासाठी काढलेले कर्ज मुलगा आपल्या कमाईच्या सर्वांत चांगल्या वर्षांत फेडत बसतो. ज्याने हयातीत औषधाविना दिवस काढले, त्याच्या नावाने चार गावे जेवतात, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. अनेक जातपंचायतींनी आणि समाजसंघटनांनी नुक्ता बंद करण्याचे ठराव केले आहेत, राज्यात २००६ पासून मुख्यमंत्री कन्यादान योजनेतून सामूहिक विवाह होतात. वाट आहे, तिच्यावर पहिले पाऊल तरुणांनीच टाकायचे आहे.

आता याच जिल्ह्यातले एक उजळ उदाहरण. देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावे लागले होते. शेतकरी कूपनलिकांमागे धावत होते, कर्ज काढून जमिनीला भोके पाडत होते आणि कोरडी बोअर तेवढी पदरी पडत होती. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने टोंकखुर्द परिसरात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली. या तळ्यांना 'रेवा सागर' म्हटले गेले. सांगणे सोपे होते : आपल्या जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्यासाठी सोडा. पिकाखालची जमीन पाण्याखाली घालायची, हे कोणाही शेतकऱ्याच्या जिवावर येणारच. तरी आधी मोठ्या शेतकऱ्यांनी तळी खोदली, मग इतरांनी, आणि काही वर्षांत जिल्ह्यात हजारो तळी झाली. ज्या शेतात पावसाळ्यानंतर नुसती ढेकळे असायची तिथे रब्बीचे दुसरे पीक उभे राहिले. दहावा हिस्सा सोडून उरलेल्या नऊ हिश्श्यांचे उत्पन्न वाढले.

वृद्धापकाळाच्या तरतुदीवर मी वाचलेल्या कितीतरी पुस्तकांपेक्षा हे उदाहरण मला अधिक शिकवून जाते. तरुण वयातली सर्वांत शहाणी गुंतवणूक पुष्कळदा बँकेत नसते. ती पुढची तीस वर्षे कमाई वाढवणाऱ्या गोष्टीत असते. शेतकऱ्यासाठी ती तळ्यात, विहिरीत, चार दुभत्या जनावरांत, बांधावरच्या झाडांत असते. कारागिरासाठी ती हत्यारांत आणि प्रशिक्षणात असते. पण ती वेळेवरच करावी लागते. साठीला तळे खोदायला ना अंगात बळ असते, ना फळ खायला वर्षे उरलेली असतात.

मजूर : शरीर हीच ठेव

मंडीतला हमाल बघा. पोत्याच्या कोपऱ्यात हूक अडकवून तो पाठीवर घेतो, ट्रकच्या फळीवरून चढतो, थप्पी लावतो आणि पुन्हा खाली येतो. हंगामात हे दिवसभर चालते. पंचविशीत तो गावातल्या शिक्षकाइतकेही कमावत असेल. पंचेचाळिशीत गुडघे आणि कंबर बोलू लागतात. पंचावन्नला त्याच्याकडे कोणी पोते देत नाही. शिक्षकाचे उत्पन्न वयाबरोबर वाढते, त्याचे वयाबरोबर आटते. त्यामुळे 'पुढे कमाई वाढली की बचत करू' हा विचार हमालाला परवडणारा नाही. त्याची सुगी आताच आहे.

पण ही गोष्ट एकट्या हमालाच्या शहाणपणावर सोडायची का? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून याचे उत्तर दिले. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगारांना एकत्र आणले, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. माथाडी मंडळाची पद्धत अशी की मालक हमालाची मजुरी थेट त्याच्या हातात न देता मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही देतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि दवाखाना चालतो. मालक रोज बदलला तरी मंडळ बदलत नाही, त्यामुळे विशीतल्या पोत्याचा हिशेब साठीपर्यंत पोचतो. मध्य प्रदेशातली २०१८ ची संबल योजना असंघटित मजुराच्या मृत्यूनंतर घरच्यांना मदत देते, हे चांगलेच आहे. पण जो मरत नाही, म्हातारा होतो, त्याच्या रोजच्या जेवणाचे काय, याला माथाडी मंडळासारखेच उत्तर लागते. कन्नौद, खातेगाव, हरद्याच्या मंड्यांतून रोज जी उलाढाल होते, तिच्यात क्विंटलमागे थोडी लेव्ही भारी पडणार नाही.

कारखान्यातल्या मजुराची कथा वेगळी आहे. देवासला १९७० च्या दशकात नोटांचा छापखाना आला, आसपास कारखाने उभे राहिले. पुढे धार जिल्ह्यात पीथमपूरची मोठी औद्योगिक वसाहत झाली. कन्नौदकडची मुले तिथे बहुतेक ठेकेदारामार्फत लागतात. पगारातून १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, तेवढाच मालक भरतो, आणि मालकाच्या हिश्श्यातून पगाराचे ८.३३ टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातात. ही योजना १९९५ ची. दहा वर्षांची सेवा भरली तर ५८ व्या वर्षापासून तहहयात निवृत्तिवेतन मिळते. दहा वर्षे भरली नाहीत तर मिळत नाही.

इथेच घात होतो. ठेका संपला, दुसऱ्या कारखान्यात गेला, मधल्या काळात पोरगा अर्ज भरून निधीही काढतो आणि निवृत्तिवेतनाचे पैसेही काढतो. हातात तीस-चाळीस हजार येतात, मोटारसायकलचा पहिला हप्ता जातो. मोजलेली तीन वर्षे पुसली जातात. पुढच्या ठिकाणी शून्यापासून सुरुवात. असे तीन-चार वेळा केले की पंधरा वर्षे राबूनही निवृत्तिवेतनाच्या कागदावर काहीच उरत नाही. २०१४ पासून प्रत्येक कामगाराला भविष्यनिर्वाह निधीसाठी एकच कायमचा यूएएन क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तोच क्रमांक पुढे न्यायचा आणि जुन्या सेवेत नवी जोडायची, एवढेच करायचे असते. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब मांडला तर दहा वर्षांच्या सेवेला महिना सुमारे २१०० रुपये आणि तीस वर्षांच्या सेवेला दोन वर्षांच्या वाढीव लाभासह सुमारे ६८०० रुपये निवृत्तिवेतन बसते. रक्कम मोठी नाही, पण मरेपर्यंत येते आणि मागे बायकोलाही तिच्यातला हिस्सा मिळतो.

आणि शरीर? धार, झाबुआ, अलीराजपूरचे आदिवासी तरुण गुजरातच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेले. दगडाची भुकटी फुप्फुसांत साचून सिलिकोसिस घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि ते पैसे मिळण्यासाठी २०१६ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागली. या तरुणांना 'जवानी वाया घालवली' असे कोण म्हणेल? त्यांनी ती विकली, आणि विकत घेणाऱ्याने किंमत दिली नाही. तरुणांना काटकसर शिकवणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यांच्या श्वासाची हमी मागितली पाहिजे.

बाई : राबणूक तिची, सातबारा दुसऱ्याचा

म्हातारपणाचे दारिद्र्य सर्वांत जास्त बाईच्या वाट्याला येते. ती नवऱ्यापेक्षा वयाने लहान असते, सरासरीने जास्त जगते, म्हणून शेवटची वर्षे बहुधा एकटीने काढते. निंदणी, कापणी, जनावरे, स्वयंपाक हे सगळे आयुष्यभर करूनही शेत, घर, खाते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला, तरी भावाचे मन मोडायला नको म्हणून ती तो सोडून देते.

ज्या माळव्यात आपण हे लिहितो, तिथे याच्या नेमके उलट उदाहरण आहे. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न दौलतीच्या खजिन्यापासून वेगळे ठेवले जाई. पुढे अहिल्याबाईंनी घाट, मंदिरे, धर्मशाळा उभारल्या, त्यांतल्या पुष्कळ याच खासगीच्या पैशातून. बाईच्या नावचा, कोणाला न विचारता वापरता येणारा पैसा काय करू शकतो, याचे याहून मोठे प्रमाण देशात क्वचितच सापडेल.

आजच्या घरात ही खासगी कशी उभी राहील? याच जिल्ह्यातल्या बागली भागात १९९० पासून काम करणाऱ्या समाज प्रगती सहयोग या संस्थेने पाणलोटाच्या कामाबरोबर बायकांचे बचतगट उभे केले. महिन्याला थोडे पैसे, गटातूनच कर्ज, गटातच हिशेब. अडीअडचणीला सावकाराची पायरी न चढता घरात पैसा येतो, आणि तो कोणी आणला हे सगळ्यांना ठाऊक असते. देवासच्याच गायक कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे आठवते. १९४८ साली ऐन चोविशीत ते क्षयाने आजारी होऊन देवासला आले आणि काही वर्षे त्यांना गाता आले नाही. त्या काळात पत्नी भानुमती यांनी शिक्षिकेची नोकरी करून घर सांभाळले. ज्या घरात दुसरा कमावता हात असतो, ते घर तरुणपणीचे आजारपण सोसून पुन्हा उभे राहते.

सरकारी मदतीतही बाईच्या बाबतीत एक विचित्र उतरण आहे. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सुरू झालेली लाडली बहना योजना २१ ते ६० वयाच्या स्त्रियांना सुरुवातीला महिना १००० रुपये देत होती, पुढे रक्कम वाढत गेली. साठावे वर्ष लागले की ती थांबते, आणि सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाचे ६०० रुपये सुरू होतात. अंगात बळ असताना जास्त आणि बळ गेल्यावर कमी, असा हा हिशेब आहे. तो सरकारने बदलावा. तोवर त्या बाईने साठीच्या आतल्या रकमेतला काही भाग दर महिन्याला स्वतःच्या नावे टाकून ही दरी थोडी तरी बुजवावी.

पैशाचा हिशेब : उशीर किती महाग?

आता निव्वळ आकडे. २०१५ ची अटल पेन्शन योजना १८ ते ४० वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या कोणालाही खुली आहे. साठीनंतर महिना १००० ते ५००० रुपयांची हमी आहे. ५००० साठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १४५४. अठराव्या वर्षापासून भरणारा ४२ वर्षांत एकूण १,०५,८४० रुपये भरतो. चाळिशीत जागा होणारा २० वर्षांत ३,४८,९६० रुपये भरतो. निवृत्तिवेतन दोघांना सारखेच. उशिराची किंमत याहून स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही.

शेतकऱ्याच्या सोयीची गोष्ट अशी की हा हप्ता सहामाहीही भरता येतो. अठरा वर्षांच्या मुलासाठी ५००० च्या निवृत्तिवेतनाचा सहामाही हप्ता १२३९ रुपये आहे. एक सोयाबीनच्या पैशातून, एक गव्हाच्या पैशातून. २०१९ च्या श्रमयोगी मानधन आणि किसान मानधन योजना महिना ५५ ते २०० रुपयांत साठीनंतर ३००० रुपये देतात आणि सरकार तेवढाच हप्ता भरते. पहिली महिना १५,००० पर्यंत कमावणाऱ्या असंघटित मजुरासाठी, दुसरी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यासाठी.

पण इथे सावध राहायला हवे. महागाई वर्षाला सरासरी ५ टक्के धरली तर ४२ वर्षांनंतरच्या ५००० रुपयांची किंमत आजच्या साडेसहाशे रुपयांएवढी भरते. म्हणजे आज अठरा वर्षांचा मुलगा साठीला पोचेल, तेव्हा ही रक्कम त्याला आजच्या सरकारी ६०० रुपयांइतकीच वाटेल. योजना टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. ती तळाची पायरी आहे आणि एवढ्यावर थांबता येणार नाही, असा आहे. कमाई वाढेल तशी बचतही वाढली पाहिजे.

त्यासाठी टपाल कार्यालयातले आणि बँकेतले सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते १९६८ पासून आहे. महिना ५०० रुपये, व्याज ७.१ टक्के धरले आणि खाते वाढवत नेले, तर पंचविशीत सुरू करणाऱ्याचे साठीला ढोबळमानाने साडेआठ लाख होतात. चाळिशीत सुरू करणाऱ्याचे अडीच लाख. पहिल्याने भरले २ लाख १० हजार, दुसऱ्याने १ लाख २० हजार. भरण्यातला फरक ९० हजारांचा, मिळण्यातला सहा लाखांचा. पंधरा वर्षे आधी सुरू करण्याचे मोल एवढे आहे.

बुडालेली बचत

बचत केली की काम झाले असे नाही. ती टिकली पाहिजे. गावात भिशी चालते, माळव्यात तिला बीसी म्हणतात. ओळखीच्या दहा-बारा जणांत ती वर्षभराच्या गरजेला ठीक आहे, तीस वर्षांच्या बेगमीला नाही. त्याहून मोठा धोका दामदुपटीच्या आश्वासनांचा. जमिनीच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स समूहाच्या पीएसीएल कंपनीला सेबीने २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार पाच कोटींहून अधिक होते, बहुतेक खेड्यांतले आणि छोट्या गावांतले. परतफेडीसाठी २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती नेमावी लागली. हे लोक उधळे नव्हते. पै-पै साठवणारेच होते. त्यांचा विश्वास गावातल्याच ओळखीच्या एजंटावर होता, आणि एजंट बहुधा भाचा नाहीतर शेजारी होता.

म्हणून एकच कसोटी पुरे. पैसा टपाल खात्यात, राष्ट्रीयीकृत बँकेत, आयुर्विमा महामंडळात किंवा सरकारी निवृत्तिवेतन योजनेत जातो आहे का? १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना सरकारने आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. खासगी कंपन्यांत विमेदारांचे पैसे बुडत होते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. बँकेच्या व्याजाच्या दुप्पट देतो म्हणणाऱ्याला, तो सख्खा मेहुणा असला तरी, हात जोडून निरोप द्यावा.

मुलगा आणि कायदा

'मुलगा हीच म्हातारपणाची काठी' हा आपल्याकडचा जुना भरवसा. तो खोटा नाही. आजही बहुसंख्य म्हातारी माणसे मुलाच्याच घरात, सुनेच्या हातचे खाऊन जगतात, आणि हजारो मुले-सुना हे मनापासून करतात. पण दोन एकर चार भावांत वाटली गेली, मुलगा इंदूरला भाड्याच्या खोलीत राहू लागला, की इच्छा असूनही हात तोकडे पडतात. त्यामुळे बेगमी मुलावर अविश्वास म्हणून करायची नसते; त्याच्यावर एकट्यावर भार नको म्हणून करायची असते.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा आहे. अर्ज अनुविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, वकील लागत नाही, महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. त्यातले २३ वे कलम प्रत्येक आई-बापाने लक्षात ठेवावे. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि त्याने सांभाळले नाही, तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बक्षीसपत्र रद्द करून मालमत्ता तिला परत दिली. तरीही कोर्टाची पायरी चढावी लागू नये यासाठी सरळ नियम पाळावा : जिवंत असेतो घर आणि शेत नावावर ठेवावे, मुलांसाठी मृत्युपत्र करावे.

समाजाचा वाटा

आता वैयक्तिक शहाणपणाच्या पलीकडची गोष्ट. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, मजुरांसाठी वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. आपल्याकडे राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. केंद्राचा वाटा सुरुवातीला महिना ७५ रुपये होता, पुढे २०० झाला, आणि ८० वर्षांखालच्यांसाठी तो अजूनही २०० वरच आहे. बाकीची भर राज्ये घालतात. मध्य प्रदेशात मिळून ६०० होतात, महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत १५०० मिळतात. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन मागितले, ते अवास्तव नव्हते.

हे ६०० रुपये घेण्यासाठी म्हातारी माणसे बँकेच्या कियोस्कवर येतात. लांबच्या वस्तीवरून येताना भाड्यातच काही रुपये जातात. यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो, आणि आयुष्यभर विळा-फावडे धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ओळखत नाही. अंगठा पुसून, पदराला घासून पुन्हा ठेवायचा. नाही जमले तर 'कल आना'. ज्यांच्या कष्टाने रेषा पुसल्या, त्यांनाच रेषा दाखवा म्हणणारी व्यवस्था बदलणे अवघड नाही. घरपोच रक्कम आणि ओळखीचा दुसरा मार्ग, एवढे सरकारने केले तरी पुष्कळ होईल.

निष्कर्ष

एवढ्या आढाव्यानंतर निवाडा असा. 'तरुणपणी उधळले म्हणून म्हातारपणी भोगतो' हे विधान थोड्यांनाच लागू पडते. बहुसंख्यांना उधळण्याइतके कधी मिळालेच नाही. त्यांना लागू पडते ते दुसरेच : मिळाले तेवढ्याचा हिशेब कागदावर टिकला नाही, शरीर झिजले आणि त्याची भरपाई कोणी दिली नाही, आणि बाईचे नाव कुठेच लागले नाही. तरीही विशीतल्या माणसाला नशिबावर हवाला ठेवून बसता येणार नाही, कारण बावीस वर्षे आधी सुरू केलेल्या २१० रुपयांशी चाळिशीतले १४५४ रुपयेच बरोबरी करू शकतात.

म्हणून कन्नौदच्या, आणि कन्नौदसारख्या प्रत्येक गावातल्या तरुण वाचकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे. या हंगामाचा पैसा हातात आला की पहिली तीन कामे उरका. सोसायटीचे कर्ज मुदतीत भरा. स्वतःच्या आणि बायकोच्या, दोघांच्या नावे निवृत्तिवेतनाचे खाते उघडा. कारखान्यात असाल तर यूएएन क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि निवृत्तिवेतनाचे पैसे मध्येच काढू नका. लग्न-नुक्त्याचा खर्च ऐपतीत बसवण्याचा ठराव आपल्या समाजात मांडा, आणि मंडीत हमालांसाठी लेव्हीची मागणी झाली तर तिच्या बाजूने उभे राहा. ज्या म्हाताऱ्यांनी हे शिवार कसले, त्यांचे ६०० रुपये वाढावेत म्हणून आमदार-खासदारांना जाब विचारा. त्यांच्यासाठी आज जे मागाल, तेच उद्या तुम्हाला मिळणार आहे.